शंभर फूट लांब, पंचवीस फूट रुंद

एमूला छप्पर नसलं तरी निभतं, जाळीवाचून मात्र एक दिवस निभत नाही. कोंबड्यांचं शेड बांधणारा माणूस आधी पत्रे मोजतो. इथे पहिला हिशोब जाळीचा, दुसरा जमिनीच्या उताराचा, आणि पत्र्यांचा सगळ्यात शेवटी. पाच-सहा फूट उंचीचा, चाळीस किलोच्या आसपास वजनाचा हा पक्षी बिथरला तर ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाने सुटतो. उडता येत नसल्याने त्याचा सगळा जीव पायांत असतो, आणि तो पाय मोडून घेतो तो बहुधा माणसाने चुकीच्या बांधलेल्या कुंपणावरच.

श्रीवर्धन तालुक्यात समुद्राला लागून असलेल्या एका नारळी-पोफळीच्या वाडीत एमूची आवारं नव्याने बांधण्याचं काम चाललं होतं. वाडी ओळखीच्या कुटुंबाची, म्हणून ते जवळून पाहता आलं आणि जमेल तिथे हातही लावता आला. एमूची लाट आली तेव्हा या घरानेही जोड्या आणल्या होत्या. लाट ओसरली, काही पक्षी राहिले. त्यांना सोडून द्यायचं नाही आणि खाटकाला द्यायचं नाही, असं घरातल्या काकींनी ठरवलं. त्या निर्णयाची किंमत दर काही वर्षांनी जाळी, खांब आणि मजुरी या तीन खात्यांत मोजावी लागते.

लाटेची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी, कारण जुनी आवारं होती तशी का बांधली गेली ते त्यातूनच कळतं. एमू मूळचा ऑस्ट्रेलियाचा. आपल्याकडे तो १९९०च्या दशकाच्या अखेरीस आंध्र प्रदेशात पाळला जाऊ लागला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत तमिळनाडू, महाराष्ट्रात पसरला. मांस, तेल, कातडी, पिसं, अंडी असं सगळंच विकलं जाणार, असं सांगितलं जायचं. प्रत्यक्षात पैसा फिरत होता तो पिल्लांच्या विक्रीवर. नवा पाळणारा जुन्याकडून जोडी घ्यायचा, आणि त्याचीही पिल्लं पुढच्या नव्याला जायची. मांसाला किंवा तेलाला भरवशाचं गिऱ्हाईक उभंच राहिलं नाही. २०१२च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतल्या पेरुंदुराईची ‘सुसी एमू फार्म्स’ कोसळली आणि हजारो लोकांच्या ठेवी अडकल्या. महाराष्ट्रातही त्याच सुमाराला खाद्याचा खर्च निघेना म्हणून लोकांनी हात वर केले. कुठे पक्षी मोकाट सोडले गेले, कुठे उपाशी मेले. मला या सगळ्यात सर्वांत जास्त सलतं ते हेच. पैसे बुडाल्याची तक्रार करायला माणसाकडे पोलीस ठाणं तरी होतं.

त्या काळात जोडीला किती जागा द्यायची याचं एक माप ठरलेलं होतं: शंभर फूट लांब, पंचवीस फूट रुंद, म्हणजे अडीच हजार चौरस फूट. माप चांगलं आहे. लांबी पक्ष्याला धावण्यासाठी लागते आणि रुंदी पंचवीस असली की माणसाला त्याला एका बाजूला घेता येतं. आमच्या किनाऱ्यावरच्या वाड्याही लांबट पट्ट्यांच्याच, रस्त्यापासून सुरू होऊन थेट पुळणीपर्यंत जाणाऱ्या. त्यामुळे हे माप इथे सहज बसलं. बसला नाही तो बाकीचा नकाशा. तो कोरड्या मुलखातल्या लोकांनी काढलेला होता. पेरुंदुराई काय किंवा आपलं बारामती काय, तिथे पावसाळ्याची अडचण अशी नसतेच. अलिबाग-श्रीवर्धनच्या पट्ट्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तोही चार महिन्यांत. शिवाय खारा वारा बारमाही.

म्हणून नव्या कामाची सुरुवात चरांपासून झाली. दोन आवारांच्या मध्ये दीड फूट खोल चर, त्याचा उतार पुळणीकडे. आवाराच्या आतली जमीन मधोमध थोडी उंच आणि दोन्ही कडांना उतरती. खाली मुरूम धुमसून घेतला, वर वाळूचा थर. एमूला पावसाचं वावडं नाही, उलट पाणी दिसलं की तो त्यात बसतो, अंग भिजवून घेतो. धोका आहे तो साचलेल्या चिखलाचा. त्याची विष्ठा पातळ असते, ती चिखलात मिसळली की जमिनीत जंत माजतात आणि बोटांच्या बेचक्यात जखमा होतात. निसरड्यावर पाय फाकला तर एवढं धूड पुन्हा उभं राहीलच असं नाही. काम करणाऱ्या गड्याने उतार तपासायला बादलीभर पाणी मधोमध ओतलं आणि सगळे बघत उभे राहिले. पाणी उत्तरेच्या कडेला एका जागी थांबलं. तिथला मुरूम उकरून पुन्हा धुमसला, पुन्हा पाणी ओतलं, तेव्हा कुठे काकींनी मान हलवली.

मग खांब. या एका गोष्टीवर वाडीत बरीच चर्चा झाली. लोखंडी अँगल सरळ उभे राहतात, पण समुद्राकाठी ते जमिनीलगत आधी गंजतात. वरचा भाग धडधाकट दिसतो आणि एका वाऱ्यात खांब मुळातून तुटतो. सिमेंटच्या तयार खांबांत आतली सळई गंजून फुगते आणि सिमेंटला उभी भेग पाडते. सुरूचे वासे स्वस्त, पण वाळवी. शेवटी जुने चांगले अँगल घासूनपुसून, रेड ऑक्साइड लावून घेतले आणि प्रत्येकाचा तळ चौरस काँक्रीटमध्ये बसवून ते काँक्रीट जमिनीच्या वर चार बोटं चढवलं, वरून बाहेरच्या बाजूला उतार देऊन, म्हणजे खांबाच्या बुडाशी पाणी थांबणार नाही. अधलेमधले खांब सुरूचे, बुडाला डांबर फासलेले. ते बदलावे लागणार हे धरूनच चालायचं.

जाळी सहा फूट उंचीची, दोन इंची चौकटीची. यापेक्षा मोठी चौकट असली की डोकं आत जातं आणि बाहेर काढताना पक्षी घाबरून मान ओढतो. काटेरी तार तर वर्ज्यच. आणि जाळी खांबाच्या आतल्या बाजूने लावायची, बाहेरून नाही. शेताच्या कुंपणाला सवयीने लोक खांब आत ठेवतात, कारण काम सोपं पडतं. एमू धावत येऊन जाळीवर आदळला तर जाळीने थोडं मागे जाऊन त्याला परत ढकललं पाहिजे. खांब आत असला तर आदळणं थेट लोखंडावर होतं. याच कारणाने जाळी फार कसत नाहीत. हाताने दाबली तर वीतभर आत गेली पाहिजे, आणि सोडल्यावर जागेवर आली पाहिजे.

कोपऱ्यांपाशी काम थांबलं. गवंड्याने दोरी लावून काटकोन आखला होता.

“काकी, कोपरा काढायचा की गोल घ्यायचा?”

“गोलच घे रे बाबा. मागल्या वेळचा कोपरा विसरलास काय?”

जुन्या आवाराच्या कोपऱ्यात एका मादीने रात्री कुत्र्यांच्या भुंकण्याला घाबरून मान मोडून घेतली होती. धावणारा एमू जाळीच्या कडेकडेने पळतो. काटकोनात शिरला की त्याला वळता येत नाही, आणि मागून दुसरा आला तर तो पहिल्यावर चढतो. वळण गोलाकार असलं की पळणारा पक्षी आपसूक फिरून परत लांबीच्या दिशेला लागतो. त्यासाठी प्रत्येक कोपऱ्यात दोन जादा खांब लागले आणि थोडी जागा गेली. जोड्यांवर पैसे मोजण्याच्या काळात ही जागा कुणी सोडली नव्हती.

एमू आणि कुंपण यांचं नातं त्याच्या देशातही असंच बिकट आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९३२ साली गव्हाची शेतं तुडवतात म्हणून सैन्याच्या मशीनगन एमूंवर चालवल्या गेल्या. पक्षी पांगले, फारसे मेले नाहीत, मोहीम गुंडाळावी लागली. शेवटी उपयोगी पडलं ते कुंपणच. सशांना अडवायला १९०१ ते १९०७ या काळात तिथे जे कुंपण घातलं, त्याची मुख्य रांगच अठराशे किलोमीटरहून लांब. दुष्काळात पाण्याच्या शोधात निघालेले एमूंचे थवे त्या जाळीशी येऊन अडत, आणि तिथेच तहानेने मरत. जाळी दिसली की तिच्या कडेने चालत राहायचं, ही या पक्ष्याची जातच आहे. आपल्या शंभर फुटांतही तो तेच करतो. म्हणूनच जाळीलगतची तीन फूट जमीन सगळ्यात आधी तुडवली जाते, आणि दर पावसाळ्याआधी तिथेच नवी वाळू टाकावी लागते.

जाळी बसली तरी पक्षी लगेच आत घेतले नाहीत. एमूला चकाकणारी वस्तू दिसली की तो उचलतो आणि गिळतो. दाणे दळायला तो खडे गिळतोच, त्यांच्याबरोबर खिळा, नाणं, तारेचा तुकडाही जातो, आणि तारेचा तुकडा पोटात गेला की तो आतून भोसकतो. जाळी बांधताना पकडीने तोडलेल्या तारेची टोकं वाळूत पडतात, ती साध्या नजरेला दिसत नाहीत. काकींच्या नातवाने जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काठीला बांधलं आणि सगळं आवार ओळीने पालथं घातलं. वाळूवरून काठी हळूहळू फिरवायची, दर दोन पावलांनी उचलून बघायची, चुंबकाला लागलेलं पुसून डब्यात टाकायचं. बोटाच्या पेराएवढे बारीक तुकडे, जुने गंजके वॉशर, एक मासेमारीचा गळ. डब्याच्या तळाला चांगलाच थर जमला. गळ नेमका कुठून आला असेल यावर दोन-तीन मतं झाली, कारण किनाऱ्यावर अशा वस्तूंना तोटा नाही. कोंबड्यांसाठी लोक इथे मासेमारीची जुनी जाळी सर्रास ताणतात. एमूच्या आसपास ती चालत नाहीत. पायात अडकली की पक्षी झटके देतो, आणि नायलॉन तुटत नाही.

छपराचं काम आटोपशीर होतं. जोडीमागे दहा बाय दहाचा आडोसा, पाठ नैऋत्येला. जागा मात्र माडांच्या रांगेबाहेर घेतली. सावली माडाची चांगली, पण नारळ किंवा वाळकी झावळी अंगावर पडली तर पक्षी वाचत नाही. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर धडकलं, तेव्हा पोफळी आणि माड आडवे झाले, घराघरांचे पत्रे उडाले. इथे पडलेल्या माडांनी जाळीच्या तीन रांगा दाबल्या. पत्रे उडाले, पण पक्षी वाचले. उघड्यावर खाली बसून, मान जमिनीला लावून त्यांनी ते वादळ काढलं. तेव्हापासून आडोशाचं छप्पर बुटकं, पत्रे हूक मारून खालच्या चिऱ्याच्या भिंतीला तारेने आवळलेले. खाद्याचं पातेलं आत, कारण पावसाळ्यात भिजलेल्या खाद्याला दोन दिवसांत बुरशी येते. मोठा पक्षी दिवसाला पाऊण किलोच्या आसपास खातो, त्यामुळे जून ते सप्टेंबर पोत्यांचा साठा करून ठेवायचाच नाही, थोडं थोडं आणायचं.

आवारांच्या तोंडाशी एक गल्ली काढली आहे, पाच फूट रुंदीची, दोन्ही टोकांना कवाड. पक्षी एका आवारातून दुसऱ्यात न्यायचा तर ती लागतेच. एमूला समोरून धरायला जाऊ नये, त्याची लाथ पुढे येते आणि तीन बोटांची नखं माणसाचं पोट फाडू शकतात. बाजूने, थोडं मागून जायचं, दोन्ही छोटे पंख मुळाशी धरायचे आणि त्याच्या चालीने चालवत न्यायचं. गडी हे अंधार पडल्यावर करतो, कारण तेव्हा पक्षी शांत असतो. पहिली मादी गल्लीतून आत आली, थांबली, मान उंच करून तिने चारही बाजू पाहिल्या, आणि मग जाळीच्या कडेने चालायला लागली. सकाळपर्यंत वाळूत तिची वाट पडली होती.

आपल्याकडे एमूचा विणीचा हंगाम ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत. या दिवसांत नर भांडखोर होतो आणि शेजारच्या आवारातल्या नराला जाळीतून लाथा घालतो, म्हणून दोन जोड्यांच्या मध्ये चर आणि दोन जाळ्या. मादी गळ्याच्या पिशवीतून ढोलासारखा घुमारा काढते, वाडीच्या पलीकडच्या रस्त्यापर्यंत ऐकू येतो. गर्द हिरवी, अर्धा किलोहून जड अंडी बहुधा संध्याकाळी साडेपाच ते सातच्या दरम्यान पडतात. ती लगेच उचलतात. राहू दिली तर नर त्यांच्यावर बसतो आणि सुमारे आठ आठवडे जवळजवळ काही न खाता बसून राहतो. पिल्लं आता इथे काढत नाहीत. उबवणी यंत्रात हवा कोरडी लागते, आर्द्रता तीस-चाळीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे अंड्यातलं पाणी हळूहळू उडून जातं. समुद्राकाठच्या दमट खोलीत ते जमवताना पूर्वी या घराची फार दमछाक झाली होती. आणि पिल्लं काढून ती द्यायची कुणाला?

पाळलेला एमू वीस वर्षं सहज जगतो, काही तीसच्या पुढेही जातात. समुद्राकाठी साधी जस्ताची जाळी चार-पाच पावसाळ्यांत हात टेकते. २०१०च्या आसपास आणलेल्या पक्ष्यांसाठी हे कुंपण अजून किमान एकदा तरी उभं करावं लागणार, आणि काकींनी ते धरलेलं आहे. नातवाने उरलेली जाळी गुंडाळून माळ्यावर ठेवली, वर तेलाचा हात दिला. चार सुरूचे वासे डांबर लावून सावलीत उभे आहेत. गणपती झाले की सगळ्या खांबांची बुडं एकदा उकरून पाहायची, ज्याचा गंज पोखरत गेला असेल तो ऑक्टोबरच्या आत बदलायचा, नर भांडायला लागायच्या आधी.