फ्लायट्रॅपला माशी नंतर, आधी पाणी

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या पट्ट्यात कुणी व्हीनस फ्लायट्रॅपचं रोप मागवलं की पहिला प्रश्न ठरलेला: याला माशा कुठून आणायच्या? मग कुणी मेलेली मुंगी घालतं, कुणी चिकनचा तुकडा. रोप तरीही काळं पडत जातं आणि घरचे म्हणतात, उपाशी मेलं. बहुतेक वेळा ते उपाशी मेलेलं नसतं. आपण घातलेल्या पाण्यानेच ते मेलेलं असतं.

संशोधनाकडे वळणाऱ्यांनी हे रोप जरूर वाढवून पाहावं. डोळ्यात भरणारी गोष्ट एक आणि खरी अडचण दुसरीच, असं संशोधनात सतत होतं. इथे ते एका कुंडीत बघायला मिळतं.

किडा म्हणजे जेवण नाही

हे रोप मूळचं अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलिना राज्यांच्या किनारी भागातलं. तिथली जमीन ओली, आम्लधर्मी आणि नत्र-स्फुरदाच्या बाबतीत अगदी गरीब. ऊर्जा हे रोप इतर झाडांसारखी सूर्यप्रकाशातूनच मिळवतं. किड्यातून मिळतं ते मुख्यतः नत्र आणि स्फुरद. म्हणजे किडा हे त्याचं खत आहे. अंगणात उन्हात ठेवलंत तर लागतील तेवढे किडे ते स्वतःच पकडतं. चिकन घातलंत तर सापळा सडतो.

अशा गरीब जमिनीतल्या मुळांना क्षार सोसत नाहीत. आता एक साधा हिशेब करा. समजा, तुमच्या पाण्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि आठवड्याला १ लिटर पाणी लागतं. पाणी उडून जातं, क्षार मात्र कुंडीत आणि ताटलीतच राहतात. वर्षाच्या ५२ आठवड्यांत १५.६ ग्रॅम. लिटरमागे १० मिलिग्रॅम क्षार असलेलं पाणी वापरलंत तर तोच आकडा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास येतो. रोज घातलेलं पाणी निरुपद्रवी दिसतं, घात होतो तो साठत जाण्याने.

खाडीलगतच्या विहिरी मचूळ असतात आणि बोअरचं पाणी बहुधा जड. त्यामुळे टीडीएस मीटर आधी घ्या, रोप नंतर. आकडा ५० च्या खाली हवा. आरओचं पाणीही मोजूनच वापरा, कारण काही यंत्रं चवीसाठी क्षार परत मिसळतात. आपल्याकडे उत्तम सोय म्हणजे पाऊस. पहिल्या काही सरींनी छप्पर धुऊन जाऊ द्या, मग प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी भरा. सिमेंटच्या टाकीत नको, तिच्यातून चुना उतरतो.

कुंडी आणि ऊन

बागेतली माती, शेणखत, गांडूळखत यातलं काहीही नको. पीट मॉस आणि परलाइट, बस. कोकोपीट आपल्याकडे सहज मिळतं, पण त्यात बरेचदा मीठ असतं, तेव्हा धुतलेल्या पाण्याचा टीडीएस उतरेपर्यंत ते धुवावं लागतं. कुंडी प्लॅस्टिकची, खाली ताटलीत एक-दोन सेंटिमीटर पाणी. दिवसाला निदान ४ ते ६ तास थेट ऊन हवं. जुलै-ऑगस्टच्या झडीत ते मिळत नाही, तेव्हा एलईडी ग्रो-लाइटची जोड द्या.

आपल्याकडे नसलेला हिवाळा

खरी परीक्षा डिसेंबरात असते. मूळ प्रदेशात थंडी आली, दिवस लहान झाले की हे रोप तीन-चार महिने झोपतं आणि जमिनीखालच्या कंदात जीव धरून राहतं. रायगडच्या किनाऱ्यावर रात्रीचं तापमान सहसा १५ अंशांच्या वरच असतं. झोप मिळाली नाही तरी एखाद-दुसरं वर्ष रोप तग धरतं, मग खंगत जातं.

आपल्या कोकणातल्या कातळसड्यांवर पावसाळ्यात दवबिंदू म्हणजे ड्रॉसेरा आणि सीतेची आसवं या कीटकभक्षी वनस्पती उगवतात. त्यांचीही जमीन गरीबच, पण इथला वाईट काळ हिवाळा नसून कोरडा उन्हाळा. म्हणून ड्रॉसेरा इंडिका पावसाळ्यात वाढून बी धरते आणि बी होऊनच उन्हाळा काढते. तिला थंडी लागत नाही, फ्लायट्रॅपला लागते. (सड्यावरची रोपं उपटून घरी आणू नका. ती जगत नाहीत आणि त्यांचं बीही सड्याला परत मिळत नाही.)

फ्लायट्रॅपसाठी उपाय फ्रीजचा. डिसेंबरात कंद काढून स्वच्छ करा, ओलसर स्फॅग्नम मॉसमध्ये गुंडाळून पिशवीत घाला आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, साधारण ५ अंशांवर, फेब्रुवारीअखेरपर्यंत ठेवा. दर पंधरा दिवसांनी बुरशी आलीय का बघा.

सापळ्याशी खेळू नका

पानाच्या प्रत्येक पाळीवर आतून सहसा तीन केस असतात. एका स्पर्शाने काही होत नाही. साधारण २० सेकंदांच्या आत दुसरा स्पर्श झाला, तरच सापळा मिटतो. या पानातला विद्युत संदेश बर्डन-सँडरसन यांनी डार्विनच्या सांगण्यावरून १८७३ मध्ये मोजला होता. २०१६ मध्ये जर्मनीतल्या वुर्झबुर्गच्या गटाने दाखवलं की आत अडकलेला किडा धडपडत राहिला, तर पाचेक स्पर्शांनंतर पाचक रस तयार करण्याची यंत्रणा सुरू होते. मिटणं खर्चिक आहे आणि एक सापळा मोजक्याच वेळा मिटतो. पाहुण्यांना दाखवायला रोज बोट घातलंत, तर निरीक्षणच रोपाला थकवतं.

प्रयोग करायचा असेल तर

प्रश्न एकच ठेवा, उदाहरणार्थ: टीडीएसने नव्या सापळ्यांची संख्या बदलते का? दहा सारखी रोपं घ्या. चिठ्ठ्या टाकून पाच-पाचचे दोन गट करा, म्हणजे धडधाकट रोपं नकळत एकाच गटात जाणार नाहीत. एका गटाला पावसाचं पाणी, दुसऱ्याला विहिरीचं. माती, कुंडी, ऊन, सगळं तेच. दर रविवारी नवे सापळे मोजा. कुंड्यांच्या जागाही दर आठवड्याला बदला, नाहीतर शेवटी तुम्ही पाण्याचा परिणाम मोजलात की खिडकीचा, हे सांगता येणार नाही.

आणि एखादं पान काळं पडलं म्हणून लगेच घाबरू नका. जुनी पानं काळी पडतातच. मधून नवं पान येतंय का, ते वहीत लिहा. नवं येणं थांबलं असेल, तर आधी मीटर ताटलीतल्या पाण्यात बुडवा.