अनोळखी वाट कोणाला अनोळखी? : घाटवाटांच्या शोधमोहिमांविषयी

पुण्यातल्या डोंगरभटक्यांच्या बोलण्यात 'ट्रेक' आणि 'शोधमोहीम' हे दोन वेगळे शब्द आहेत. राजगड-तोरण्याला जाणारा ट्रेकला जातो. वाट मळलेली असते, माथ्यावर काय आहे ते ठाऊक असते, परतीची वेळही साधारण ठरलेली असते. शोधमोहिमेत यातले काहीच हाती नसते. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या एखाद्या जुन्या वाटेचे फक्त नाव कानावर आलेले असते. ती अजून शिल्लक आहे का, हे आठ-दहा जणांनी मिळून पाहायचे असते. गेली काही वर्षे मी अशा मोहिमांत सामील होत आलो आहे. भूगोलाची किंवा इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. जे उमगले ते नकाशे, गॅझेटियर आणि गावकऱ्यांशी झालेल्या गप्पा यांतून. या मोहिमा नेमके काय शोधतात आणि कसे, हे त्या आधारे मांडतो.

सुरुवात दगडापासून करावी लागते. सह्याद्री लाव्हाच्या थरांचा बनला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले हे थर आजही जवळजवळ आडवे आहेत. कठीण थराचा उभा कडा होतो, मऊ थर झिजून उतार होतो. म्हणून कोकणातून पाहिले तर डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचा दिसतो : कडा, मग झाडीची पट्टी, पुन्हा कडा. मधल्या पट्टीला 'पदर' म्हणतात. प्रत्येक कड्यातली एकेक फट आणि त्या फटी जोडणारी पदरातली आडवी चाल मिळून घाटवाट होते. फट कधी 'नाळ' असते, म्हणजे दोन कड्यांमधली दगडधोंड्यांनी भरलेली अरुंद घळ. कधी 'सोंड', म्हणजे खाली उतरत गेलेली डोंगराची धार. तर कधी 'निसणी', जिथे शिडी लावून किंवा खडकात पावठ्या खोदून चढ केलेला असतो. बोराट्याची नाळ, सिंगापूर नाळ या नावांतच वाटेची जात सांगितलेली आहे.

मोहिमेचा पहिला नियम यातूनच निघतो. वर उभे राहून पाहणाऱ्याला पायाखालचा कडा दिसत नाही. पहिली फट सापडली तरी दुसरी बरोबर तिच्याखाली असेलच असे नाही. ती पदरात बरीच बाजूला असू शकते. उतरताना एखादा टप्पा घसरत किंवा उडी मारून पार केला, की मागे फिरणेही अवघड होते. म्हणून अनोळखी वाट शक्यतो खालून वर शोधावी.

मग नकाशा कशाला असतो, असे कोणी विचारील. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा अमूल्य आहे, पण त्यातल्या समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. दोन रेषांमध्ये १५ मीटरचा, म्हणजे पाच मजली इमारतीएवढा कडा सहज लपतो. उपग्रहाचे चित्र वरून घेतलेले; त्यात उभा कडा बारीक रेघ होऊन जातो आणि झाडीखालची पायवाट दिसतच नाही. अरुंद नाळेत आकाश थोडेच दिसते, त्यामुळे मोबाइलमधला जीपीएसही भरकटतो. आनंद पाळंदे यांच्या 'डोंगरयात्रा'सारखे पुस्तक सोबत असले, तरी मधली दरड कधी कोसळली ते पुस्तक कसे सांगणार?

उरतो तो माणूस. वाटेची माहिती ही केवढी ताकद आहे, याचा दाखला पुण्याच्या इतिहासातच आहे. फेब्रुवारी १६६१मध्ये कारतलबखान मोठे मोगल सैन्य घेऊन लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटाने कोकणात निघाला. उंबरखिंडीच्या अरुंद, रानाने वेढलेल्या वाटेत शिवाजी महाराजांनी त्याला पुढून-मागून कोंडले. कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारता'त या लढाईचे वर्णन आहे. सैन्य खानाकडे अधिक होते. वाट मात्र मावळ्यांच्या ओळखीची होती.

ही ओळख रोजच्या वापरातून आलेली असे. मोठ्या घाटांना राजाश्रय होता. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. लहान वाटांना असे काही लाभले नाही. त्यांवरून मीठ आणि सुकी मासळी वर येई, धान्य आणि तूप खाली जाई. सोयरिकी जुळत, बाजार होत. १८८५च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये घाटांच्या नोंदी वाचताना लक्षात येते, की तिथे प्रश्न व्यवहाराचा आहे : या वाटेने लादलेले बैल जातात, की फक्त पायी माणूस? बोरघाटाचा रस्ता १८३०मध्ये खुला झाला, त्याच घाटातून १८६३मध्ये रेल्वे सुरू झाली. पुढे इतर घाटांतही रस्ते झाले, एसटी आली. एकेका पायवाटेवरची वर्दळ आटली. दोन-चार पावसाळे कोणी चालले नाही, तर कारवी आणि करवंदीची जाळी वाट गिळून टाकतात.

वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातल्या केळदजवळ याची दोन टोके पाहायला मिळतात. मढे घाटातून तानाजी मालुसऱ्यांचा देह उमरठला नेला, असे सांगतात. ती कथा आणि तिथला धबधबा यांमुळे मढे घाटात पावसाळ्यात गाड्यांची रांग लागते. शेजारचा उपांड्या घाट यातल्या बहुतेकांच्या गावीही नसतो.

म्हणूनच 'आम्ही नवी वाट शोधली' हे वाक्य मला खटकते. आपल्याला अनोळखी असलेल्या वाटेवरून वरच्या वाडीतली एखादी आजी नवरी होऊन चढून आलेली असते. पदरातल्या धनगरवाड्यावरच्या गुराख्याला कोणत्या ओढ्यात उन्हाळ्यातही पाणी टिकते, हे तोंडपाठ असते. आपण शोधतो ती वाट त्यांच्या आठवणीत असते, आणि ती आठवण असलेली माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांची नातवंडे कामासाठी पुण्या-मुंबईत आहेत. त्यांना ही वाट लागत नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. खांद्यावरच्या ओझ्यासकट रोज कडा चढणे ही हौस नव्हती.

अशा मोहिमेत पहिल्यांदा जाणाऱ्याने निघण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. गावातला वाटाड्या सोबत आहे का? गटात किती जण आहेत? पंधराच्या वर माणसे झाली, की नाळेत वरच्याच्या पायाने सुटलेला दगड खालच्याच्या अंगावर येण्याचा धोका वाढतो. दोर आहे का, आणि तो वापरता येणारे किती? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : किती वाजता मागे फिरायचे? डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो; नाळेत त्याआधीच अंधारते. दुपारी ठरलेल्या वेळेला फट सापडली नसेल, तर परत. कड्यावर आग्यामोहोळ दिसले, तरी परत. वाट न सापडणे हाही मोहिमेचा निष्कर्षच असतो. लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'सारख्या संस्थांचे स्वयंसेवक अडकलेल्यांना काढायला रात्री-अपरात्री धावतात. त्यांच्या भरवशावर पुढे जाणे बरे नव्हे.

परतल्यावर खरे काम सुरू होते. हल्ली वाटेची जीपीएस रेघ तासाभरात शेकडो मोबाइलवर पोहोचते. रेघ कुठून गेली ते कळते. ती तिथूनच का गेली, ते कळत नाही. माझ्या नोंदवहीत प्रत्येक वाटेसाठी काही रकाने ठरलेले आहेत : कोणत्या महिन्यात गेलो, पाणी कुठे होते, पदराला आणि ओढ्याला गावकरी काय म्हणतात, वाट कशासाठी वापरात होती, शेवटचे कोण आणि कधी चालले, आणि हे कोणी सांगितले. सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने लिहावे, वाटाड्याला दिवसाची मजुरी सन्मानाने द्यावी. माहिती त्यांची आहे. आपण लिहून घेणारे.

दिवाळीनंतर गवत पिवळे पडू लागते, ओढ्यांना अजून पाणी असते आणि मोहिमांचा हंगाम सुरू होतो. यंदा जाणाऱ्यांनी चालण्याआधी तासभर वाडीतल्या एखाद्या ओटीवर बसावे. विचारण्यासारखी माणसे दर हिवाळ्यात कमी होत आहेत.