शिकाऊ विमान कच्चं नसतं

एअर शोत सूर्यकिरण पथकाची नऊ विमानं डोक्यावरून गेली की शेजारचा माणूस मुलाला हमखास सांगतो, "बघ, फायटर!" ती हॉक आहेत, आणि हॉक हे जेट प्रशिक्षण विमान आहे, असं म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. "म्हणजे शिकाऊच ना?" खरं तर 1996 मध्ये हे पथक उभं राहिलं तेही किरण या प्रशिक्षण विमानावरच. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. वि. मा. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली आखलेलं किरण 1964 मध्ये पहिल्यांदा उडालं. शिकणारा कच्चा असतो. विमानाला कच्चं राहून चालत नाही. नवख्याची चूक पोटात घालायची आणि तरी ती त्याला जाणवूही द्यायची, असं विमान घडवणं मला लढाऊ विमानाइतकंच अवघड वाटतं.

हुशार पोरगा थेट मोठं विमान शिकेल, मधली पायरी कशाला, असंही लोक म्हणतात. या पायरीची किंमत आपण मोजली आहे. प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवं, ही शिफारस 1982 च्या समितीने केली होती. हॉकचा करार झाला 2004 मध्ये आणि विमानं बिदरला दाखल झाली 2008 मध्ये. त्याआधीची कित्येक वर्षं किरणसारख्या सौम्य विमानावरून उतरलेली तरुण मुलं पुढे मिग-21 वर जात. ते विमान धावपट्टीवर टेकतं ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने. ही दिरंगाई मला आजही माफ करता येत नाही.

"पण या विमानांना शस्त्रं नसतात." चेकोस्लोव्हाकियाचं एल-39 अल्बाट्रॉस जवळून पाहा. मागची खुर्ची पुढच्या खुर्चीपेक्षा उंच, म्हणजे प्रशिक्षकाला विद्यार्थ्याच्या डोक्यावरून धावपट्टी दिसते. इंजिनाला हवा देणारी तोंडं पंखांच्या वर, खांद्यापाशी. कच्च्या धावपट्टीवरचे खडे आत ओढले जाऊ नयेत म्हणून. 1968 मध्ये पहिल्यांदा उडालेलं हे विमान जवळजवळ 2,900 इतक्या संख्येनं बनलं. त्याच्याच एका प्रकाराच्या पोटाखाली 23 मिलिमीटरची तोफ बसते आणि पंखांखाली बॉम्ब लटकतात. 2012 मध्ये सीरियाच्या हवाई दलाने अलेप्पोवर ही विमानं हल्ल्यासाठी वापरली. त्याआधी 1961 मध्ये क्यूबाच्या बे ऑफ पिग्जच्या लढाईत कॅस्ट्रोच्या टी-33 प्रशिक्षण विमानांनी हल्लेखोरांची बी-26 बॉम्बफेकी विमानं पाडली होती. साधं, स्वस्त, कुठूनही उडणारं विमान युद्धात ओढलं जातं, यात मला नवल वाटत नाही. दुःख मात्र वाटतं.

हवाई दलातून निवृत्त झालं की ते भंगारात जातं, हीही अर्धीच गोष्ट. शीतयुद्ध संपल्यावर शेकडो एल-39 पश्चिमेकडच्या खासगी मालकांकडे गेली. फ्रान्समधल्या दिजों इथल्या एका नागरी कसरत पथकात अशी सात विमानं होती. या विमानाच्या इंजिनाचं मूळही नागरीच: याक-40 या छोट्या प्रवासी विमानात त्याच घराण्यातली तीन इंजिनं असतात. पण पैसे असले की घेतलं आणि उडवलं, असं नसतं. अमेरिकेत एल-39 प्रायोगिक श्रेणीत नोंदवावं लागतं आणि वैमानिकाला त्या विमानाची वेगळी परवानगी लागते. हे इंजिन थ्रॉटल पुढे ढकलताच जोर धरत नाही, काही सेकंद घेतं. उतरताना वेग घसरला तर तेवढे सेकंद हाताशी असावे लागतात. इजेक्शन सीटच्या स्फोटक काडतुसांची मुदत संपते, म्हणून कित्येक मालक ती निकामीच करून टाकतात. जमिनीलगत ही खुर्ची वापरायची तर विमानाला निदान ताशी 150 किलोमीटर वेग लागतो, हे या विमानात बसणाऱ्या प्रत्येकाने आधी विचारून घ्यावं.

15 डिसेंबर 2009 रोजी बोइंगचं 787 पहिल्यांदा उडालं तेव्हा त्याच्यावर नजर ठेवायला बाजूने दोन टी-33 उडत होती. ज्या विमानाचा आराखडा 1948 मध्ये पहिल्यांदा आकाशात गेला, तेच विमान एकविसाव्या शतकातल्या नव्याकोऱ्या प्रवासी विमानाच्या शेजारी होतं, त्याच्या पोटाकडे आणि चाकांकडे निरखून पाहत.