बिलावर 'मसाजर', वापर वेगळा : स्वच्छतेचं कोण सांगणार?

ग्वाल्हेर : लष्करातल्या मराठी घरांत सासूच्या गुडघ्यांपासून सुनेच्या पाळीपर्यंत हल्ली बरंच मोकळं बोललं जातं. सेक्स टॉयचं नाव मात्र कुणी काढत नाही. वस्तू ऑनलाइन मागवली जाते, खोकं साधं असतं आणि बिलावर बऱ्याचदा 'बॉडी मसाजर' लिहिलेलं असतं. आम्ही कॉमर्सवाले, आधी बिलच वाचतो!

या नावावरून कोर्टकज्जाही झाला. कस्टम्सने आयात झालेले बॉडी मसाजर १९६४ च्या अधिसूचनेखाली अश्लील माल म्हणून जप्त केले होते. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कस्टम्सचं अपील फेटाळलं. मसाजरचा दुसरा वापर होऊ शकतो, एवढ्या कल्पनेवर तो बंदीच्या मालात बसत नाही, असा त्याचा अर्थ. सगळ्याच वस्तूंना मोकळीक मिळाली, असं मात्र नव्हे.

अडचण पुढे आहे. 'मसाजर' म्हणून विकलं की ते शरीराच्या आत वापरताना काय काळजी घ्यायची, हे सोबतच्या कागदावर सापडेलच असं नाही. त्यात घरच्यांच्या नजरेपासून लपवायचं म्हणून घाईत, ओलंच कपड्यांच्या घडीत कोंबलं जातं. जंतूंना आणखी काय हवं?

घेताना ते कशाचं बनलंय ते बघा. शुद्ध सिलिकॉन, स्टील किंवा कडक एबीएस प्लास्टिक चांगलं. मऊ, जेलीसारखं, उग्र वासाचं स्वस्त रबर टाळा. त्याला बारीक छिद्रं असतात, ते पूर्ण स्वच्छ होत नाही. या वस्तूंसाठी २०२१ पासून आयएसओ ३५३३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, पाकिटावर उल्लेख असला तर उत्तम.

वापराआधी आणि नंतर सौम्य साबण आणि कोमट पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, स्वच्छ कापडी पिशवीत ठेवा. मोटर, बॅटरी असलेली वस्तू पाण्यात बुडवू नका. ती वॉटरप्रूफ नसेल तर ओल्या साबणाच्या फडक्याने पुसा, मग साध्या ओल्या फडक्याने. साबण वस्तूला, योनीच्या आत नाही. डेटॉल तर नाहीच. योनी आतून स्वतःच स्वच्छ राहते.

गुदद्वारात वापरलेली वस्तू न धुता योनीत नेऊ नका. तिथे वापरायची वस्तू बुडाशी रुंदच हवी, नाहीतर आत सरकते आणि हॉस्पिटल गाठावं लागतं. दोघांत एकच वस्तू असेल तर प्रत्येकासाठी नवा कंडोम चढवा. कोरडेपणा असेल, विशेषतः पाळी गेल्यानंतर, तर पाण्यावर आधारित जेल घ्या. खोबरेल तेलाने लॅटेक्सचा कंडोम फाटू शकतो. काकडी, बाटली, मेणबत्ती असले घरगुती प्रयोग नकोत.

खाज, जळजळ, दुर्गंधी, पांढरं जास्त जाणं, रक्त किंवा दुखणं असेल तर वापर थांबवा आणि स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. इथे कमलाराजा रुग्णालय आहे. तिथे मात्र 'मसाजर' म्हणू नका. काय वापरलं, कशाचं होतं आणि कधीपासून, ते सरळ सांगा, म्हणजे डॉक्टरांना नेमकी तपासणी करता येईल.