बधिर हाताचें मूळ

वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहरजी दिवाण यांनीं इ. स. १९३६ मध्यें कुष्ठरोग्यांसाठीं वसाहत उभी केली. अशा रोग्यांत वावरणाऱ्यांस एक गोष्ट परिचयाची असते : चुलीवरचें भांडें उचलतांना रोग्याला चटका जाणवत नाहीं, हाताला फोड आल्याचें त्याला मागाहून डोळ्यांनींच कळतें. बोटें झडतात तीं जंतूनें खाल्ल्यामुळें नव्हे, तर अशा न कळलेल्या जखमा चिघळल्यामुळें.

ही बधिरता येते कशी? नॉर्वेच्या हॅन्सेन यांनीं १८७३ मध्यें शोधलेला हा जंतु अत्यंत संथ आहे. एकाचे दोन होण्यास त्याला सुमारें दोन आठवडे लागतात, आणि रोगाची पहिली खूण दिसण्यास कधीं वीस वर्षेंही जातात. एवढा काळ तो राहतो मज्जातंतूंभोवतीं असणाऱ्या श्वॉन पेशींत. (नांव थिओडोर श्वॉन या जर्मन शास्त्रज्ञाचें, कुत्र्याशीं त्याचा संबंध नाहीं!) यांपैकीं कांहीं पेशी तंतूवर स्निग्ध आवरण गुंडाळतात. जंतूला मात्र आवरण नसलेल्या पेशीच अधिक मानवतात.

पेशीनें वाढावें केव्हां, आवरण घालावें केव्हां, याचे निरोप मज्जातंतु देतो. ते घेणारे ग्राही पेशीच्या पृष्ठभागावर असतात. निरोप प्रथम 'एर्ब-बी-३' या ग्राहीस मिळतो. मग तो 'एर्ब-बी-२' या जोडीदारास जागा करतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांतील रंबुक्काना व त्यांचे सहकारी यांनीं २००६ मध्यें दाखविलें कीं कुष्ठजंतु या जोडीदारालाच थेट चिकटतो. मधल्या ग्राहीची त्याला गरज लागत नाहीं. बाहेरच्या माणसानें घरधन्याचा आवाज काढून नोकराला हुकूम द्यावा, तसाच हा प्रकार. खोट्या आज्ञेनें पेशी आपलें आवरण टाकून देते. जंतूला हवें तसें बिऱ्हाड आयतें मिळतें.

याच 'एर्ब-बी-२'चा अतिरेक स्तनाच्या एका प्रकारच्या कर्करोगांत आढळतो. त्यावरील हर्सेप्टिन हें औषध प्रयोगशाळेंतील पेशींना दिलें, तेव्हां जंतूचें या ग्राहीला चिकटणें व त्याला जागें करणें कमी झालें. अर्थात् कुष्ठरोगावरील उपचार म्हणून तें रूढ नाहीं.

जंतु मारण्याची औषधें मात्र हातीं आहेत. १९८१ पासून सुचविलेली रिफॅम्पिसिन, डॅप्सोन व क्लोफॅझिमिन यांची संयुक्त योजना सहा महिन्यांत किंवा वर्षभरांत रोग बरा करते. पण फार पूर्वीं मेलेला मज्जातंतु तिनें परत येत नाहीं. म्हणून कातडीवरील फिकट, बधिर चट्टा दिसतांच, तो दुखत नाहीं एवढ्यावरून स्वस्थ न बसतां, दवाखाना गाठावा लागतो.