विजेची स्पोर्ट्‌स कार : आधी वजनाचं बोला!

होस्टेलवर गाड्यांच्या गप्पा निघाल्या की पहिला प्रश्न हॉर्सपॉवरचा असतो. पण इलेक्ट्रिक स्पोर्ट्‌स कार डिझाइन करायची तर मी आधी विचारीन, बॅटरीचं वजन किती?

अमेरिकेतली ‘टी-झीरो’ ही १९९७ सालची गाडी घ्या. इलेक्ट्रिक मोटर सुरुवातीपासूनच भरपूर टॉर्क देते, त्यामुळे पिक-अपचा प्रश्न नव्हताच. अडचण लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्यांची होती. त्या जड, आणि पल्ला कमी. २००३ मध्ये तिच्यात लॅपटॉपमध्ये असायचे तसे लिथियम-आयन सेल बसवले. गाडी हलकी झाली आणि पल्लाही वाढला!

तीच कल्पना घेऊन टेस्लाची रोडस्टर २००८ मध्ये रस्त्यावर आली. तिच्यात असे ६,८३१ सेल होते. बॅटरीचं वजन सुमारे ४५० किलो आणि ऊर्जा ५३ युनिट, म्हणजे आपल्या लाइट मीटरवरचीच युनिट. गंमत बघा, एवढी ऊर्जा साधारण ६ लिटर पेट्रोलमध्ये असते. तरी ती गाडी एका चार्जवर ३९० किलोमीटरच्या आसपास जायची, कारण पेट्रोल इंजिनात बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, मोटरमध्ये फारच थोडी.

मग बॅटरी दुप्पट का नाही लावायची? कारण ते वजन पेलायला चॅसी, सस्पेन्शन, ब्रेक सगळंच दणकट आणि जड करावं लागतं. मग वळणावरची मजाच गेली!

म्हणून आधी पल्ला ठरवा, तेवढीच बॅटरी घ्या, आणि स्टायलिश स्केच त्यानंतर काढा. नाहीतर आपली कार भिंतीवरच्या पोस्टरमध्येच धावेल.