कायदा कुलगुरूंचा, मोर्चा पोरांचा
लेखमाला : विद्यापीठ कोणाचे? – लेखांक ६

नाशिकमध्ये विद्यार्थ्यांचा मोर्चा बहुधा ठरलेल्या वाटेने जातो. गोल्फ क्लब मैदानावर जमायचे, घोषणा देत सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हाधिकारी कार्यालयावर जायचे, फाटकाशी ठिय्या द्यायचा. मग चार-पाच जणांचे शिष्टमंडळ आत जाऊन निवेदन देते आणि एक प्रत शिक्का मारून घेते. त्या निवेदनातल्या मागण्या वाचून पाहाव्यात : निकाल वेळेवर लावा, पुनर्मूल्यांकनाचे शुल्क कमी करा, रखडलेली शिष्यवृत्ती जमा करा. यातले परीक्षेचे सगळे काम पुण्याच्या विद्यापीठाचे, शिष्यवृत्तीची किल्ली मंत्रालयात. जिल्हाधिकारी बिचारे निवेदन ‘पुढील कार्यवाहीसाठी’ रवाना करतात. पोरांनाही हे ठाऊक असते. पण पुणे दोनशे किलोमीटरवर, आणि सुरगाणा-पेठहून आलेल्या मुलाला आधी नाशिक गाठायलाच अर्धा दिवस लागलेला असतो.

गेल्या लेखांकात अधिसभा आणि व्यवस्थापन परिषद पाहिली. या वेळी पाहायचे ते हे, की विद्यापीठ कायद्यावर राज्यात एवढा गदारोळ झाला त्यात विद्यार्थ्याच्या वाट्याला काय आले.

सध्याचा कायदा म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६. तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला आणि १९९४ चा जुना कायदा गेला. २८ डिसेंबर २०२१ रोजी महाविकास आघाडी सरकारने त्यात दुरुस्ती करणारे विधेयक गोंधळातच मंजूर करून घेतले. उच्च शिक्षणमंत्री होते उदय सामंत. दुरुस्तीचा आधार म्हणून डॉ. सुखदेव थोरात समितीच्या शिफारशी पुढे केल्या गेल्या. खरा वाद मात्र दोनच कलमांवर पेटला.

पहिले, कुलगुरूंची निवड. मूळ कायद्यात शोध समिती पाच नावे थेट कुलपतींना, म्हणजे राज्यपालांना देते आणि ते त्यांतून एक निवडतात. नव्या विधेयकात ही पाच नावे सरकारकडे जाणार, सरकार त्यांतली दोन राज्यपालांकडे पाठवणार आणि त्यांनी तीस दिवसांत एकावर बोट ठेवायचे. दुसरे, उच्च शिक्षणमंत्र्यांना ‘प्र-कुलपती’ करायचे. कुलपती नसतील तेव्हा पदवीदान समारंभाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे, शिवाय विद्यापीठाच्या कारभाराची माहिती मागवण्याचा अधिकारही त्यांना. भाजप आणि अभाविप रस्त्यावर उतरले, विद्यापीठांचा राजकीय आखाडा होईल म्हणाले. सरकारचे उत्तर असे, की राज्यपाल तरी कुठे लोकांनी निवडलेले असतात?

दोघांचे म्हणणे आपापल्या जागी खरे होते, आणि दोघेही अर्धेच बोलत होते. तो काळ आठवा. विधान परिषदेच्या बारा राज्यपालनियुक्त आमदारांची यादी २०२० पासून राजभवनात पडून होती, तेव्हाचे राज्यपाल भगतसिंह कोश्यारी आणि सरकार यांच्यात रोजचे खटके उडत होते. कुलगुरूंचा प्रश्न हा त्याच भांडणाचा पुढचा अंक होता. कोश्यारींनी विधेयकावर सही केलीच नाही. पुढे सरकार बदलले आणि २०२२ च्या अखेरीस शिंदे-फडणवीस सरकारने ते मागे घ्यायचे ठरवले. विधेयक आणणारे सामंत त्या वेळी याच सरकारात उद्योगमंत्री होते. महाराष्ट्राच्या राजकारणात याचे आता कोणाला नवल वाटत नाही. त्याच विधेयकातल्या समान संधी मंडळाची तरतूदही त्याबरोबर गेली. तिच्यासाठी कोणी मोर्चा काढल्याचे आठवत नाही.

या सगळ्यात विद्यार्थ्याचे असे जे कलम आहे ते २०१६ च्या मूळ कायद्यातच आहे, आणि त्यावर कोणत्याच सरकारने भांडण केले नाही, कारण ते कोणी फारसे वापरलेच नाही. ते कलम विद्यार्थी परिषदेचे. १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला आणि महाविद्यालयीन निवडणुकांतली मारामारी ऐरणीवर आली. १९९४ च्या कायद्याने थेट निवडणुका बंदच केल्या. वर्गात पहिला येणारा तो वर्गप्रतिनिधी, म्हणजे सीआर; या सीआरमधून विद्यापीठ प्रतिनिधी, म्हणजे यूआर. मार्क जास्त म्हणून नेता, अशी ही अजब रीत वीस-बावीस वर्षे चालली. ज्याला वसतिगृहाची गळती, मेसचे जेवण, एटीकेटीचा घोळ यांचा खरा जाच होतो, तो मुलगा बहुतेकदा पहिल्या नंबरात नसतो.

२०१६ च्या कायद्याने थेट मतदान परत आणले, तेही बऱ्याच अटी घालून : वयोमर्यादा, पूर्णवेळ विद्यार्थी असणे, पक्षाचे नाव-चिन्ह वापरायचे नाही. २०१९ मध्ये वेळापत्रकही जाहीर झाले होते. तेवढ्यात विधानसभेची निवडणूक आली आणि परिषदेची निवडणूक पुढे ढकलली. मग कोविड आला. कोविड गेल्यावरही कोणाला घाई नव्हती. प्राचार्यांना कॅम्पसमध्ये पोलीस बंदोबस्त नको असतो, संस्थाचालकांना प्रश्न विचारणारा निवडून आलेला प्रतिनिधी नको असतो. विद्यार्थी संघटनांना निवडणूक हवी असते, पण त्यांच्या पाठीमागचे पक्ष सत्तेत गेले की त्यांच्याही घोषणा जरा हळू होतात. मतपेटीच बंद ठेवली तर उरतो तो ठिय्या, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या फाटकावर गर्दी झाल्याची तक्रार कशाला?

नाशिकचे दुखणे यापेक्षा थोडे वेगळे आहे. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले, तेव्हा जळगाव-धुळे पुण्यापासून सुटले. नाशिक पुण्याकडेच राहिले. शहरात मुख्यालय असलेली दोन राज्य विद्यापीठे आहेत : १९८९ चे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि १९९८ चे आरोग्य विज्ञान विद्यापीठ. दोघांचे कायदे स्वतंत्र, त्यामुळे २०१६ च्या कायद्यावरचा वाद त्यांच्या दारावरून निघून गेला. नागपूरच्या डॉक्टरची पदवी नाशिकहून निघते आणि कॉलेज रोडवर एचपीटी महाविद्यालयात बीए करणाऱ्या नाशिककराची पुण्याहून. पुणे विद्यापीठाचे उपकेंद्र दिंडोरी तालुक्यातल्या शिवनईला उभारायचे ठरले. पण इमारत झाली म्हणजे अधिकार आले असे नाही. परीक्षा नियंत्रक पुण्यात, अधिसभेच्या बैठका पुण्यात, पुनर्मूल्यांकनाचा अंतिम निर्णयही पुण्यात.

त्या उपकेंद्राला नेमके कोणते अधिकार मिळायला हवेत, आणि नाशिकसाठी स्वतंत्र विद्यापीठाची मागणी करणाऱ्यांनी पैशाचे गणित मांडले आहे का, ते पुढच्या लेखांकात.